मॅकबुक एअर की थिंकपॅड एक्स१ कार्बन? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १०ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून जुना लॅपटॉप काढून 'या वेळी चांगलाच घेऊ' म्हणणारे बरेच जण भेटले. व्यापारी, कर सल्लागार, प्राध्यापक, बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांचे पालक. दुकानांत हिशेबाची सॉफ्टवेअर बसवणं आणि संगणक चालते ठेवणं हे माझं काम आहे. रोजच्या कामाला माझ्याकडे थिंकपॅड एक्स१ कार्बन आहे, घरी मुलीकडे मॅकबुक एअर. दोन्हींवर माझे हात रोज फिरतात. फोनवर तेच ते सांगण्याऐवजी नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिलं.

रोजच्या कामाला एवढा महाग लॅपटॉप खरंच लागतो का?

बिलं करणं, ई-मेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि एखादं पत्र टाइप करणं एवढंच काम असेल आणि लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल, तर नाही. पन्नास-साठ हजारांचा लॅपटॉप ते काम करतो. वरचे पैसे जातात ते वजन, बॅटरी, पडदा, कळफलक आणि टिकाऊपणा यांसाठी. आठवड्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या आणि चार तास गाडीतच काम उरकणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्याच फेरीत कळतो.

एक साधा हिशेब करा. एक लाखाचा लॅपटॉप सात वर्षं चालला तर वर्षाला साधारण १४,३०० रुपये पडतात. पन्नास हजारांचा साडेतीन वर्षांत थकला तरी तेवढेच पडतात. म्हणजे महाग लॅपटॉप परवडतो तो सांभाळून सात वर्षं वापरणाऱ्यालाच. दर तीन वर्षांनी नवा घ्यायची सवय असेल तर हा खर्च करू नका.

दोघांत मूळ फरक काय?

एअरमध्ये ॲपलची स्वतःची एम मालिकेची चिप असते. नोव्हेंबर २०२०च्या एम१ पासून एअरमध्ये पंखाच नाही. त्यावर मॅकओएस चालतं. कार्बनमध्ये इंटेलची चिप, पंखा आणि विंडोज. थिंकपॅड हे नाव १९९२ पासूनचं, आयबीएमचं. २००५ मध्ये आयबीएमचा पीसी व्यवसाय लेनोवोने घेतला आणि २०१२ मध्ये पहिला एक्स१ कार्बन आला. कळफलकाच्या मधोमधचा, माऊससारखा वापरायचा लाल ठिपका मात्र आयबीएमच्या काळापासून तसाच आहे.

१३ इंची एअरचं वजन १.२४ किलो. बाराव्या पिढीचा कार्बन १४ इंची असूनही त्याचं वजन १.०९ किलोपासून सुरू होतं. वेगाबद्दल फार डोकं शिणवू नका. रोजच्या कामाला दोन्ही पुरून उरतात. निवड ठरते ती पुढच्या प्रश्नांवर.

मॅकवर टॅली चालते का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि निम्म्या लोकांचा निर्णय इथेच होतो. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, मॅकवर ते थेट बसत नाही. पूर्वीच्या इंटेलवाल्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज टाकता यायचं. ॲपलच्या चिपवर ती सोय राहिली नाही.

दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर विकत घेऊन मॅकच्या आत विंडोज चालवणं. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. पण हे एआरएम प्रकारचं, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या, ॲपलच्या जातीच्या चिपसाठीचं विंडोज असतं. टॅली त्यात उघडते, व्हाउचरही टाकता येतात. अडचण येते ती बाहेरून जोडायच्या वस्तूंची. यूएसबीला लावायच्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, खास एआरएमसाठी बनवलेला नसेल, तर ते यंत्र तिथे चालत नाही. डॉट मॅट्रिक्सवर बिलं छापणारं दुकान असेल, बारकोडचा प्रिंटर असेल, तर आठवड्याभरात वैताग येतो. दुसरी वाट म्हणजे टॅली क्लाउडवर भाड्याने घेऊन ब्राउझरमधून वापरणं. इंटरनेट भक्कम असेल तर ही चांगली चालते, पण दर महिन्याचा खर्च वाढतो.

ज्यांचं पोट टॅलीवर आहे त्यांना मी सरळ कार्बन घ्यायला सांगतो. मालकाला फक्त संध्याकाळी अहवाल पाहायचे असतील आणि नोंदी दुकानातल्या संगणकावर होत असतील, तर मालकाने खुशाल एअर घ्यावा.

जीएसटी, आयकर आणि डिजिटल सहीचं काय?

जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे मॅकचं काही अडत नाही. ओटीपीने विवरणपत्र भरणाऱ्याला तर फरकही जाणवणार नाही. प्रश्न येतो डोंगलचा, म्हणजे डिजिटल सहीच्या टोकनचा. कंपन्यांना आणि कर सल्लागारांना तो रोज लागतो. टोकनचा ड्रायव्हर, त्या त्या पोर्टलचं सही करणारं छोटं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर, या तिघांचं जमलं तरच सही होते. विंडोजवर जमवतानासुद्धा कधी कधी अर्धा तास जातो. मॅकवर त्यातला एक जरी दुवा निसटला, तर शेवटच्या तारखेच्या रात्री मदतीला कुणी सापडत नाही. आयकराच्या मॅक्रोवाल्या एक्सेल युटिलिटीही विंडोजच्या एक्सेलसाठी केलेल्या असतात.

एअर घ्यायचाच असेल तर आधी तुमचं टोकन कुणाच्या तरी मॅकला लावून एक खरी सही करून बघा. मगच पैसे भरा.

मराठी टायपिंग कुठे चांगलं होतं?

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणाऱ्या अक्षरांत, दोन्हीकडे उत्तम. विंडोजमध्ये मे २०१९च्या अद्ययावतापासून मराठीचा उच्चारानुसारी कळफलक आलेला आहे. इंग्रजी अक्षरांत 'solapur' दाबल्यासारखं करून 'सोलापूर' उमटवायची सवय असलेल्यांना तो सोपा जातो. मॅकमध्येही इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) आणि उच्चारावर बेतलेला, असे दोन्ही प्रकारचे देवनागरी कळफलक मिळतात. इनस्क्रिप्ट शिकलात तर दोन्ही लॅपटॉपवर बोटं त्याच जागी पडतात. शासनाचा प्रमाण कळफलकही तोच आहे, म्हणून मुलांनी तोच शिकावा असं मला मनापासून वाटतं.

दुकानात लॅपटॉप हातात घ्याल तेव्हा 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'सुऱ्या' हे शब्द टाइप करून बघा. हा अर्धा र नीट काढता आला की तो कळफलक मराठी माणसाच्या कामाचा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून J ची कळ दाबायची, मग D ची, मग य. अक्षरं दिसायला मला मॅकवर जास्त सुबक वाटतात. कोहिनूर देवनागरी आणि श्री देवनागरी ७१४ हे फॉन्ट त्यात आधीपासूनच असतात. विंडोजवर निर्मला आणि मंगल आहेत, वाचायला स्वच्छ, पण लग्नपत्रिका त्यात शोभत नाही.

छापखान्याचं गणित वेगळं. आपल्याकडच्या छापखान्यांत अजूनही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फायली फिरतात, आणि मी पाहिलेले छापखाने सगळे विंडोजवर चालतात. जुनी फाईल मॅकवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. पत्रिका, अहवाल, स्मरणिका यांची देवाणघेवाण रोजची असेल तर विंडोजच घ्या.

आपल्या उन्हाळ्यात पंखा नसलेला लॅपटॉप तग धरेल का?

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ पर्यंत जातो. ॲपलने एअर वापरण्यासाठी सांगितलेलं भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश आहे, आणि लेनोवोचीही वरची मर्यादा ३५च. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी दोन वाजता ही मर्यादा दोघंही ओलांडतात.

तेव्हा एअर स्वतःचा वेग कमी करतो. आवाज येत नाही, बिघाड होत नाही, फक्त जड काम रेंगाळतं. लग्नाच्या लांबलचक व्हिडिओची जोडणी करून फाईल काढायला लावली तर हे जाणवतं, एक्सेल किंवा वर्डमध्ये नाही. कार्बनचा पंखा तेवढ्या वेळात घोंघावत राहतो आणि तळाची बाजू मांडीवर ठेवता येत नाही.

दोघांचंही खरं नुकसान होतं ते बॅटरीचं. ऊन खाणारी लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. भर दुपारी होटगी रोडला गाडी लावून लॅपटॉप मागच्या सीटवर ठेवू नका. बंद गाडीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा किती तरी चढतं. गादीवर, सोलापुरी चादरीवर ठेवून काम करू नका, विशेषतः कार्बनवर, कारण हवा आत घ्यायच्या फटी खालच्या बाजूला असतात.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कापसाचा तंतू आत जातो का?

जातो, आणि हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेजारी जिथे टेबल असतं, तिथे हवेत बारीक तंतू तरंगत असतात. पंखा हवा आत ओढतो, हवेबरोबर तंतू ओढतो, आणि पंख्याच्या पुढे जी पातळ पत्र्यांची जाळी असते तिच्यावर त्याचा नमदा बसतो. वरून लॅपटॉप चकचकीत दिसतो. आत मात्र हवेची वाट बंद झालेली असते. मग लॅपटॉप तापतो, हळू होतो, आणि मालक म्हणतो की व्हायरस आला.

इथे एअर सरळ जिंकतो. पंखा नाही, हवेची फट नाही, तंतू जाणार कुठून? कारखान्यातल्या शेडमध्ये बसून डिझाइन दाखवणं, ऑर्डरचे मेल पाठवणं, परदेशी गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलणं एवढं काम असेल तर एअर घ्या. जॅकार्डची, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाची सॉफ्टवेअर चालवायची असतील तर ती बहुधा विंडोजचीच असतात. तेव्हा कार्बन घ्या, पण टेबल ऑफिसच्या बंद खोलीत ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तळ उघडून जाळी साफ करून घ्या. कार्बनचा तळ काही स्क्रू सैल करून निघतो, जाणकाराचं हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

चार्जिंगला लावल्यावर हाताला झिणझिण्या येतात. करंट बसेल का?

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हा अनुभव बऱ्याच घरांत येतो, एअरवर जास्त, कारण त्याचं सगळं अंग ॲल्युमिनियमचं. चार्जरच्या आतल्या भागांतून अगदी सूक्ष्म प्रवाह गळतो. चार्जरला अर्थिंगची तिसरी पिन आणि घरात अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या मनगटातून वाट काढतो. चांगल्या चार्जरमध्ये तो धोक्याच्या पातळीच्या खूप खाली असतो. तरी झिणझिण्या म्हणजे घराने दिलेली सूचना समजा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या पेठांमधल्या वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, हे मी स्वतः उघडून पाहिलं आहे. ते दुरुस्त झालं की फ्रिज आणि गीझरही सुरक्षित होतात.

बॅटरी किती जाते?

एअरसाठी ॲपल १८ तासांपर्यंत व्हिडिओ चालतो म्हणते. माझ्या घरी कॉलेजचा पूर्ण दिवस चार्जर न नेता निघतो. माझा कार्बन सात-आठ तासांत चार्जर मागतो. अलीकडच्या इंटेल चिपच्या कार्बनमध्ये हे बरंच सुधारलं आहे, तरी बॅटरीत एअर पुढे आहे. वंदे भारतने मुंबईला जाताना साडेसहा तास निश्चिंत बसता येतं.

कार्बनमध्ये एक गोष्ट फार उपयोगाची आहे. लेनोवो व्हँटेज या ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवता येतो. दुकानात दिवसभर प्लगला लावून ठेवणाऱ्यांनी ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

रॅम आणि स्टोरेज किती घेऊ?

रॅम १६ जीबी. दोन्हींत ती मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून 'आत्ता ८ घेतो, पुढे टाकू' हे इथे चालत नाही. जुन्या साठ्यातला ८ जीबीचा एअर स्वस्तात दाखवला तरी नको म्हणा. एसएसडी, म्हणजे फायली साठवायची डिस्क, कार्बनमध्ये बदलता येते, एअरमध्ये नाही. म्हणून एअर घेताना परवडत असेल तर ५१२ जीबीचा घ्या. फोनमधले फोटो उतरवून ठेवायची सवय असेल तर २५६ दोन वर्षांत भरतं.

वर्गात प्रोजेक्टरला जोडायला काय लागतं?

कार्बनला एचडीएमआय आणि जुन्या आकाराचे यूएसबी पोर्ट आहेत. वायर लावली की तास सुरू. एअरला दोन यूएसबी-सी, चार्जिंगचा मॅगसेफ आणि हेडफोनची जागा एवढंच. पेन ड्राइव्हसाठीही जोडणी वेगळी घ्यावी लागते, आणि ती नेमकी परीक्षेच्या दिवशी घरी राहते. प्राध्यापकांनी एअर घेतला तर दोन जोडण्या घ्या, एक बॅगेत, एक विभागातल्या कपाटात.

आणखी एक. एअरचा पडदा चकाकणारा आहे. खिडकीकडे पाठ करून बसलात तर आपलाच चेहरा दिसतो. कार्बनचा साधा पडदा मॅट, म्हणजे न चकाकणारा असतो, डोळ्यांना सुखाचा.

मुलगी इंजिनिअरिंगला आहे. कुठला घेऊ?

शाखा विचारा. संगणक किंवा आयटी असेल तर एअर अगदी योग्य. मेकॅनिकल असेल तर सॉलिडवर्क्स, सिव्हिल असेल तर ईटॅब्स लागेल, आणि दोन्ही फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आणि त्या शाखांसाठी कार्बनसुद्धा माझी पहिली निवड नाही. त्याच पैशांत वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला जाडजूड लॅपटॉप तिच्या जास्त कामाचा. ॲपलची शैक्षणिक सवलत मात्र चुकवू नका. एम४ एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांना आला, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी तोच ८९,९०० ला होता.

सोलापुरात दुरुस्ती होते का?

खरेदीच्या आधी दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ४१३००१ हा पिनकोड टाका आणि त्या दिवशी कोणतं अधिकृत केंद्र दिसतं ते पाहा. केंद्रं बदलत असतात, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलचं स्वतःचं स्टोअर सुरू झालं आहे. जायला-यायला पाचशे किलोमीटर होतात, एवढं लक्षात ठेवा.

थिंकपॅडचं बळ ऑनसाइट वॉरंटीत आहे. ती घेतली असेल तर इंजिनिअर सुटा भाग घेऊन तुमच्याकडे येतो. गावाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. बिलावर 'ऑनसाइट' हा शब्द, वर्षं आणि तुमचा पिनकोड त्यात बसतो का, हे लेखी घ्या. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं असतं, तेही दोन्ही कंपन्यांकडे मिळतं. एअरसाठी मी ते घ्याच म्हणतो, कारण त्याचा पडदा फुटला तर खर्च जिव्हारी लागतो.

नव्या पेठेतून घेऊ की ऑनलाइन?

भाव दोन्हीकडे विचारा, पण व्यापारी असाल तर जीएसटी क्रमांक टाकलेलं बिल जिथे मिळेल तिथून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ९९,९०० रुपयांत मूळ किंमत ८४,६६१ आणि कर १५,२३९. व्यवसायासाठीच वापर असेल तर हा कर जमा मिळतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. मग घसारा, म्हणजे वापराने दर वर्षी धरायची किमतीतली घट, मूळ किमतीवर धरायचा. संगणकाला तो ४० टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. नवा कार्बन साधारण दीड लाखाच्या वर जातो, त्यामुळे ही वजावट तिथे आणखी महत्त्वाची.

दुकानात डबा तिथेच उघडा, अनुक्रमांक बिलाशी जुळवा.

वापरलेला कार्बन निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. घेऊ?

मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन वर्षांनी लॅपटॉप बदलतात, त्यातले हे असतात. मी स्वतः असा एक घेऊन चार वर्षं वापरला. दोन गोष्टी बघा: बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, आणि बॅटरी मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे. वापरलेल्या मॅकमध्ये आधीच्या मालकाचं खातं पूर्ण निघालं आहे का ते तुमच्यासमोर नव्याने सुरू करून बघा. खातं अडकलेलं असेल तर तो लॅपटॉप तुमच्या काहीच कामाचा नाही.

चहा सांडला तर?

थिंकपॅडच्या कळफलकात सांडलेलं थोडं पाणी वाहून जाईल अशी रचना असते. एअरमध्ये तशी सोय धरून चालू नका. पण दोन्हींत करायचं एकच. चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, उलटा करून निथळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. त्याने आतलं पाणी निघत नाही, कणी आणि पीठ मात्र आत शिरतं.

काही वर्षांपूर्वी विवरणपत्रांच्या शेवटच्या रात्री माझ्या तेव्हाच्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा गेला. तो पुसला, आणि चालतो का हे बघायला दहा मिनिटांत बटण दाबलं. चालू झाला, पाच मिनिटं चालला आणि कायमचा गेला. आत साखरेचा चहा ओला असताना वीज सोडल्यामुळे बोर्ड जळाला होता. न दाबता सकाळपर्यंत थांबलो असतो तर कदाचित फक्त कळफलक बदलून भागलं असतं. त्यामुळे कितीही जिवावर आलं तरी चालू करून बघू नका. बंदच ठेवा, टॉवेलात गुंडाळा आणि सकाळी दुकान उघडताच दुरुस्तीवाल्याकडे घेऊन जा. काय सांडलं तेही त्याला खरं सांगा, कारण साध्या पाण्याची आणि साखरेच्या चहाची सफाई वेगळी असते.